बाइंडरने काढून ठेवलेली पानं

चर्चच्या मागच्या गल्लीतल्या बाइंडरला दोन गोष्टींचा भारी अभिमान. एक, त्याने शिवलेलं पुस्तक कधी सुटत नाही. आणि दुसरी, त्याला कुणी काही शिकवायला येऊ नये. पहिली गोष्ट सगळ्यांना मान्य होती. दुसरी लोक हसण्यावारी न्यायचे, कारण माणूस तसा सरळ. राग नाकाच्या शेंड्यावर, पण पोटात काही नाही. फादरांपासून पेपरवाल्यापर्यंत सगळे त्याला 'बाइंडर' म्हणत. पन्नाशी उलटली तरी त्याला 'बाळ' म्हणणारं जगात एकच माणूस होतं, त्याची थोरली बहीण. आणि त्या दुसऱ्या अभिमानापायी याच बहिणीच्या जिवावर बेतलं, त्याची ही गोष्ट.

ताईनेच त्याला वाढवलं होतं. आई गेली तेव्हा तो अर्ध्या चड्डीत होता आणि ती लग्नाच्या वयाची. "याचं जरा मार्गी लागू दे, मग बघू," करत तिने आलेली स्थळं परतवली. उशिरा लग्न केलं, आणि नवराही लवकरच गेला. मूलबाळ नाही. आता ती दोन गल्ल्या सोडून एका खोलीत राहायची आणि चर्चच्या वेदीवरची पांढरी कापडं धुऊन, इस्त्री करून द्यायची. तिची घडी अशी, की ती मोडताना फादरांच्याही जिवावर यायचं.

तिला मधुमेह होता, जुना आणि हट्टी. गोळ्यांना दाद देईना म्हणून कित्येक वर्षं इन्सुलिन चालू होतं. सकाळचा क्रम ठरलेला: आधी प्रार्थना, मग सुई, मग चहा. बाइंडरची बायको गमतीने म्हणायची, "ताईंचा देव आणि डॉक्टर एकाच ताटात जेवतात." ताई म्हणायची, "जेवू देत की. भांडत तर नाहीत ना?"

त्यांच्यात भांडण लावलं ते बाइंडरने.

झालं असं, की ताईचं बायबल खिळखिळं झालं होतं. पाठ फाटलेली, पानं बाहेर डोकावणारी. तिने ते एका जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून भावाच्या दुकानात आणून दिलं. दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका बाजूला पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा, दुसऱ्या बाजूला कागद कापायचं यंत्र, मधे टेबलावर खळीचा डबा, मेण लावलेला दोरा आणि दाभण. बाइंडरने पुस्तकाची शिवण उसवली, फर्मे, म्हणजे घडी घालून एकत्र शिवलेल्या पानांचे गठ्ठे, एकेक करून टेबलावर मांडले आणि चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिला.

त्या प्रतीत प्रत्येक ग्रंथाच्या आधी दोन-चार पानांची ओळख होती आणि प्रत्येक ग्रंथ संपला की मागे टिपांची पानं होती. कुठल्या वचनाचा अर्थ काय, ते कुणाला उद्देशून आहे, ख्रिस्तसभेने, म्हणजे सगळ्या चर्चने मिळून, ते पहिल्यापासून कसं समजून घेतलं आहे, शास्त्रात दुसरीकडे त्याच गोष्टीवर काय म्हटलं आहे. पुस्तक बंद असताना हे कधी डोळ्यांत भरलं नव्हतं. असं सोलून टेबलावर पसरल्यावर त्याला वाटलं, अरे, यात देवाचं किती आणि माणसांचं किती! देवाने बोलायचं आणि शेजारी उभं राहून माणसाने दर वाक्याला 'म्हणजे काय, तर' म्हणायचं. हा काय प्रकार?

त्याने टिपांची पानं काढली. ओळखीचीही काढली. उरलेलं पुन्हा शिवलं, मऊ काळ्या कापडात बांधलं. पुस्तक अर्ध्या वजनाचं झालं. काढलेल्या पानांची सुतळीने गड्डी बांधून त्याने शिकंज्याखाली सरकवली, कारण बाइंडर कागद टाकत नाही.

ताई खूश. तिच्या दुखऱ्या मनगटाला पुस्तक हलकं लागत होतं. "बाळ, किती रे सुटसुटीत केलंस!" मग चर्चमधल्या आणखी चार जणांनी आपापली बायबलं आणून दिली. तीही त्याने सुटसुटीत केली. आणि एकदा हात सोकावला की माणूस थांबत नाही. आठवड्यातून एकदा संध्याकाळी दुकानात बैठक भरू लागली. बाइंडर वाचायचा, समजावून सांगायचा, लोक माना डोलवायचे. खरं सांगायचं तर तो सांगायचाही छान. फादर विद्वान, पण त्यांचं प्रवचन म्हणजे कोमट पाणी. बाइंडरचं बोलणं कडक चहासारखं.

फादरांच्या कानावर गेलंच. एका बैठकीला ते येऊन मागच्या बाकावर बसले, शेवटी ताईचं बायबल हातात घेऊन त्यांनी ते नुसतं तोललं.

"बाकीचं कुठे गेलं, बाइंडर?"

"सगळं आहे की फादर. देवाचं सगळं आहे. माणसांचं काढलंय."

"त्या टिपा कुणी हौसेने घातलेल्या नाहीत. आपल्यात शास्त्र छापायचं तर ते समजुतीच्या टिपांसकट छापावं, असा नियमच आहे. वाचणारा एकटा पडू नये म्हणून."

"मी कुठे एकटा आहे? पवित्र आत्मा आहे ना माझ्याबरोबर."

"असेलच. माझ्याबरोबरही आहे असं धरा. आणि आपल्याआधी दोन हजार वर्षं ज्यांनी हे वाचलं, जपलं, त्यासाठी मार खाल्ला, त्यांच्याबरोबरही होता. त्यांनाही थोडं बोलू द्या की." मग फादर जरा नरम आवाजात म्हणाले, "बैठक बंद करू नका. लोक वाचतायत, हे चांगलंच आहे. फक्त मला येऊ द्या, नाहीतर शिकलेला कुणी पाठवतो. मिळून वाचू."

लोक बघत होते. बाइंडरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "देवाला दुभाषा लागत नाही, फादर," तो म्हणाला.

फादरांनी पुस्तक ताईच्या हातात दिलं आणि निघून गेले. त्या रविवारपासून बाइंडर मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, अगदी शेवटच्या बाकावर बसू लागला आणि आशीर्वाद झाला रे झाला की फादर दाराशी यायच्या आत पसार होऊ लागला. एवढा मोठा माणूस, पण रुसवा लहान पोराचा.

आणि मग ती बैठक आली. त्या दिवशी त्याने एका प्रेषिताच्या पत्रातला आजाऱ्यांबद्दलचा उतारा वाचला. कुणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे प्रमुखांना, बोलवावं, त्यांनी प्रभूच्या नावाने तेल लावून प्रार्थना करावी, आणि विश्वासाची प्रार्थना आजाऱ्याला वाचवील, असा तो उतारा. बाइंडर रंगात आला होता. 'वडील' म्हणजे फादरच असं कुठे लिहिलंय, तुम्हीआम्ही विश्वास ठेवणारे तेच वडील, असं म्हणून त्याने तो भाग एका फटक्यात उडवला. मग टेबलावर बोट आपटून म्हणाला, "काय वाचवील? विश्वासाची प्रार्थना. बस. जेवढं लिहिलंय तेवढंच. त्यात कुणी काही घुसडायचं नाही."

ताई पहिल्या खुर्चीवर होती. तिने विचारलं, "आणि डॉक्टरचं काही लिहिलंय का रे, बाळ?"

प्रश्न साधा होता. बाइंडरने थांबायला हवं होतं. पण सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याने पान वर धरून सगळ्यांना दाखवलं, उलटून पाठही दाखवली आणि म्हणाला, "इथे तर नाही बुवा लिहिलेलं!" लोक हसले. तोही हसला. ताई हसली नाही, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या बैठकीला ती पाण्याची मोठी बाटली घेऊन आली आणि सारखी पीत राहिली. त्याच्या पुढच्या वेळी चप्पल न घालता, पायाला फडकं गुंडाळून आली. म्हणाली, इस्त्री निसटून पायावर पडली, पण दुखत नाही मुळीच, देवाची कृपा. बाइंडरने तेही ऐकलं आणि पान उलटलं. त्यानंतर ती आलीच नाही. त्याला वाटलं, भाजलं आहे, विश्रांती घेत असेल.

एका दुपारी तो एका जाडजूड पुस्तकाची पाठ खळीने भरत असताना त्याची बायको दारात येऊन उभी राहिली. धावत आली होती. तिच्या हातात इन्सुलिनच्या बाटल्यांची खोकी होती, एकाचंही सील फोडलेलं नाही.

"ताईंच्या फ्रीजमध्ये होत्या," ती म्हणाली. "त्या दिवसापासून एकही सुई घेतली नाहीये त्यांनी. तुमच्या त्या बैठकीपासून. पाय काळा पडलाय, अंथरुणातून उठवत नाहीये. डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणतात, बाळने वाचून दाखवलंय. अहो, काय वाचून दाखवलंत तुम्ही?"

खळीचा ब्रश तसाच हातात घेऊन तो पळाला.

ताईची खोली नेहमीसारखी लख्ख होती. इस्त्रीचं टेबल भिंतीला उभं, वेदीची कापडं बादलीत भिजत पडलेली. ती पलंगावर आडवी होती, ओठ कोरडे, श्वास जोराचा आणि त्याला पिकून सडायला आलेल्या फळासारखा वास. उशाशी ते हलकं, काळ्या कापडाचं बायबल. त्याला बघून ती हसली.

"आलास? घाबरू नकोस. होतंय सगळं नीट."

बायकोने फोन लावून त्याच्या कानाशी धरला. पलीकडून ताईच्या डॉक्टरीणबाई ओरडतच होत्या, की ताबडतोब आणा, उद्यावर टाकू नका, आणखी उशीर झाला तर बेशुद्ध होतील. गाडी पाठवते म्हणाल्या.

"ताई, चल. दवाखान्यात जायचंय."

"नाही."

"ताई, मी असं म्हणालो नव्हतो."

"म्हणालास. जेवढं लिहिलंय तेवढंच. मी विचारलं तुला, डॉक्टरचं लिहिलंय का. तू पान दाखवलंस. पाठपोट दाखवलंस."

"अगं, ते मी... लोक हसावेत म्हणून..."

"देवाच्या वचनावर कुणी विनोद करतं का?" ताई शांतपणे म्हणाली. "तेव्हा तू आत्म्याने बोलत होतास, बाळ. आता भीतीने बोलतोयस. मी त्या तेव्हाच्या बोलण्याला धरून आहे."

आपलंच वाक्य आपल्यासमोर दगडासारखं येऊन बसलंय आणि आपण बाजूला उभं राहून ओरडतोय की त्याचा अर्थ असा नाही, आणि कुणी ऐकत नाही. असं कधी आपल्यावर येईल हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तो दुकानात पळत गेला, शिकंज्याखालची गड्डी ओढून काढली, सुतळी दाताने तोडली आणि त्या पत्राच्या टिपा शोधून धापा टाकत परत आला. "हे बघ, इथे लिहिलंय. हे वचन म्हणजे आजाऱ्यांना तेल लावायचा संस्कार. आणि इथे बघ, औषधोपचार टाळावेत असा याचा अर्थ नाही. दुसरीकडे शास्त्रातच म्हटलंय की वैद्याला मान द्या, त्यालाही देवानेच निर्माण केलंय. ताई, बघ ना!"

ताईने त्या पानांकडे हातही नेला नाही. "हा फाफटपसारा तूच काढून टाकलास ना? माणसांचं आहे म्हणालास." तिने डोळे मिटले. "आता कामाला आलं म्हणून परत आणलंस होय?"

गाडी आली. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन दारात आली, तेव्हा ताईने पलंगाचा लोखंडी दांडा धरला. त्या हडकुळ्या हातात एवढा जोर कुठून आला कुणास ठाऊक. "बळजबरीने उचललंत तर माझा विश्वास तुम्ही मोडलात असं होईल," ती म्हणाली. "देवासमोर मी काय तोंड दाखवू?" ती माणसं एकमेकांकडे बघत राहिली. शुद्धीत असलेल्या बाईला तिच्या मनाविरुद्ध न्यायचं कसं? आणि बेशुद्ध व्हायची वाट बघायची तर ती वाट परतीची असेल याची काय खात्री?

बाइंडर पुन्हा पळाला, या वेळी चर्चकडे.

फादर शिडीवर चढून वेदीजवळचा बल्ब बदलत होते. एवढे दिवस तो ज्यांना तोंड चुकवत होता त्यांच्याशी बोलायला मान वर करून उभं राहावं लागलं.

"फादर, खाली या. ताई मरते आहे. माझ्यामुळे."

फादर उतरले. हकिकत ऐकताना त्यांनी एकदाही 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बाइंडरने तेही गिळलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "बोलतेय का? कळतंय का तिला?" आणि पवित्र तेलाची कुपी खिशात घालून चालू लागले. चालणं असं, की बाइंडरला मागे धावावं लागलं.

"तुम्ही तिला सांगा फादर, की मी चुकलो."

"ते तुमचं तुम्ही सांगायचं," फादर मागे न बघता म्हणाले. "मी माझं सांगेन."

खोलीत आल्यावर फादर खुर्ची ओढून पलंगाजवळ बसले. स्ट्रेचरवाले दारात उभेच होते. ताईचे डोळे अर्धे मिटत होते, बायको तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होती.

"ताई, त्या पत्रात जे लिहिलंय ते सगळं पाळलंत ना?"

"सगळं, फादर."

"मग मला का नाही बोलावलं?"

ताईने डोळे उघडले.

"मंडळीच्या वडिलांना बोलवा, त्यांनी तेल लावावं, असं लिहिलंय. प्रेषितांच्या काळापासून आपण ते असंच वाचत आलो, की याजकाला बोलवायचं आणि तेलाचा संस्कार घ्यायचा. तुम्ही तर नुसती शेवटची ओळ पाळलीत."

ताईची नजर फादरांवरून सरकून भावावर आली. "तू म्हणालास, वडील म्हणजे आपणच."

"म्हणालो," बाइंडर म्हणाला. "फादरांवर राग होता म्हणून म्हणालो. ताई, शास्त्राचं नव्हतं ते, माझं होतं."

"आता कशावरून खरं बोलतोयस?"

बाइंडर पलंगाशी गुडघ्यांवर बसला. "कारण मी इथे आहे, ताई. जो बोलला होता तो तुझ्यासमोर जिवंत आहे आणि सांगतोय की त्याच्या बोलण्याचा तू घेतलेला अर्थ चुकीचा आहे. तू लक्षात राहिलेलं एक वाक्य धरून बसणार, की मी सांगतोय ते ऐकणार?"

बोलून गेला आणि मग त्याचं त्यालाच ऐकू आलं. त्या बैठकीत फादरांनी हेच तर सांगितलं होतं. ज्या घराने ते शब्द ऐकले, लिहिले, जपले, ते घर अजून जिवंत आहे आणि अर्थ सांगायला समोर उभं आहे. आपण त्याला बाहेर काढून दार लावलं होतं आणि आत एकटेच वाक्य उचलून बसलो होतो. फादरांनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि नजर पुन्हा ताईकडे वळवली. ती वेळ धडा शिकवायची नव्हती, बाई हातची जात होती.

ताईचा हात अजून दांड्यावर होता. "फादर," ती अगदी हळू म्हणाली, "सुई घेतली तर माझा विश्वास कमी पडला असं नाही ना होत?"

"नाही."

"हे तुमचं मत?"

"माझं मत असतं तर सांगितलंच नसतं. मीही माणूस आहे, चुकतो. हे ख्रिस्तसभेचं शिकवणं आहे, ताई. तिनेच ते पत्र शास्त्रात ठेवलं आणि तिनेच आजाऱ्यांसाठी दवाखानेही बांधले. तिला त्यात कधी भांडण दिसलं नाही." फादरांनी कुपी काढली. "हे तेल बघा. कुणीतरी झाडाची फळं गोळा केली, घाण्यात घातली, पिळली. माणसाच्या हातचं आहे. यातून देव येऊ शकतो, तर त्या बाटलीची त्याला कसली अडचण?"

ताईने कुपीकडे बघितलं. जोरजोराचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "आधी तेल."

फादरांनी तिच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावलं. तळहाताला लावायचं म्हणून तिला दांडा सोडावा लागला. बाइंडरने तो मोकळा झालेला हात दोन्ही हातांनी धरला आणि गाडीत चढवेपर्यंत सोडला नाही.

जीव वाचला. पाय पुरता वाचला नाही; भाजलेली जखम आत उतरली होती, पुढचं अर्धं पाऊल कापावं लागलं. डोळ्यांवरही परिणाम झाला. डॉक्टरीणबाईंनी बाइंडरला बाजूला घेऊन भरपूर सुनावलं आणि त्याने खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. ज्याला कुणी शिकवायला जायचं नाही असा लौकिक, तो माणूस भिंतीला टेकून बोलणी खात होता.

ताई दवाखान्यात असताना त्याने तिचं बायबल पुन्हा उसवलं. ओळखीची पानं, टिपांची पानं जागच्या जागी लावून सगळं नव्याने शिवलं. जुनं कव्हर आता पुरेना. पुठ्ठा नवा कापावा लागला, पाठ रुंद धरावी लागली. मग बैठकीतल्या त्या चौघांच्या घरी जाऊन त्याने त्यांचीही बायबलं परत मागितली. का, असं ज्यांनी विचारलं त्यांना त्याने खरं सांगितलं, न लपवता. एकाने तोंडावर दार लावलं. बैठक बरेच दिवस बंद राहिली. पुन्हा सुरू झाली तेव्हा टेबलाच्या एका बाजूला फादर होते, कोमट पाण्यासारखे. बाइंडर वाचायचा, आणि जिथे अडेल तिथे थांबून मागची पानं उघडायचा. कधी दोघांचं जुंपायचंही. पण आता भांडण एका टेबलावर व्हायचं.

ताई घरी आली त्या सकाळी बाइंडर नवं बांधलेलं पुस्तक घेऊन गेला. तिने ते दोन्ही हातांनी चाचपलं. अक्षरं तिला नीट दिसत नव्हती.

"जड झालं की रे."

"हो. पण पूर्ण आहे."

"तू वाचून दाखवत जा मग," ती म्हणाली. "मागचंही वाच. गाळू नकोस."

तेवढ्यात बायकोने फ्रीजमधली बाटली आणि सुई आणून त्याच्यासमोर ठेवली. ताईला आता सुईवरचे आकडे दिसत नव्हते, म्हणून हे काम त्याच्याकडे आलं होतं. परिचारिकेने दोनदा शिकवलं होतं. त्याने औषध भरलं, हवेचे बुडबुडे काढले, ताईच्या पोटाची कातडी चिमटीत धरली आणि थांबला. ज्या हाताने आयुष्यभर शेकडो पानांच्या गठ्ठ्यांतून दाभण आरपार घातलं, त्या हाताला ती एवढीशी सुई पुढे नेता येईना.

"घाबरतोस काय, बाळ?"

डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता.

ताईने त्याच्या मनगटावर आपला हात ठेवला. "क्रम विसरलास वाटतं," ती म्हणाली. "आधी प्रार्थना म्हण. मग टोच. आणि मग दोघांनाही चहा टाक."